बत्तीस बोरचे पिस्तूल घेताना : परवान्याच्या कागदापासून पहिल्या पन्नास काडतुसांपर्यंत

परवाना हातात पडला की बहुतेकांची पावले थेट शस्त्रविक्रेत्याच्या दुकानाकडे वळतात. पिस्तूल हातात घेऊन पाहिले जाते, भाव ठरतो, आगाऊ रक्कम दिली जाते, आणि घरी परतल्यावर एकेक गोष्ट लक्षात येऊ लागते: परवान्यावर फक्त रिव्हॉल्व्हर (फिरत्या चक्रीत काडतुसे भरायचे शस्त्र) लिहिलेले आहे, दुसरे मॅगझिन (पिस्तुलाच्या मुठीत बसणारी काडतुसांची पेटी) कुठेच मिळत नाही, या बोरची (नळीच्या आतल्या मापाची) काडतुसे जवळच्या दुकानात येत नाहीत, किंवा नळीवरचा क्रमांक कागदाशी जुळत नाही. यातली प्रत्येक चूक पैसे देण्यापूर्वी टाळता आली असती. चुकतो तो क्रम. सर्वांत आधी परवान्याचा कागद, मग काडतूस, मग पैशांचा हिशेब आणि शेवटी शस्त्र, या क्रमाने गेल्यास कमी पैशांत चांगले सेमी-ऑटोमॅटिक (दर दाबाला एक गोळी सुटून पुढचे काडतूस आपोआप चढणारे) पिस्तूल मिळू शकते. ज्यांच्याकडे परवाना आहे किंवा ज्यांचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात आहे, त्यांच्यासाठीच हे लिहिले आहे.

१. पिस्तूल खरोखर हवे आहे का, हे आधी ठरवा

गोव्यातील सत्तरी, सांगे, काणकोण या भागांतील बागायतदार रानडुक्कर, माकड आणि गवा यांच्या उपद्रवामुळे शस्त्राचा विचार करतात. या कामासाठी पिस्तूल निरुपयोगी आहे. बत्तीस बोरची गोळी जंगली जनावराला थांबवत नाही, ती फक्त जखमी करते. शिवाय गवा हा गोव्याचा राज्यप्राणी असून त्याला वन्यजीव कायद्याचे सर्वोच्च संरक्षण आहे, त्यामुळे त्याच्यावर गोळी झाडणे हा गंभीर गुन्हा ठरतो. कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) राखणीसाठी परवाना मागायचा असेल, तर बारा बोरच्या बंदुकीसाठी मागावा आणि जनावरांविषयीची परवानगी वनखात्याकडून वेगळी घ्यावी. रोकड घेऊन ये-जा करावी लागणारे व्यापारी किंवा जिवाला खरा धोका असलेली व्यक्ती यांच्यासाठीच पुढचे सारे आहे.

२. परवान्याचा कागद ओळ न ओळ वाचा

शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांच्या आधारे परवाना दिला जातो. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आणि एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येऊ लागली. ज्यांच्याकडे आजोबांच्या काळातली बंदूक आणि एखादी रायफल आधीच आहे, त्यांना पिस्तूल घेण्यापूर्वी त्यांपैकी एक रीतसर विकावी किंवा जमा करावी लागेल. वारशाने आलेले शस्त्रही या दोनांतच मोजले जाते, आणि नेमके हेच अनेकांच्या लक्षात येत नाही.

कागदावर पाच गोष्टी शोधाव्यात. शस्त्राचा प्रकार पिस्तूल आहे की रिव्हॉल्व्हर, की दोन्ही? बोर प्रतिबंधित आहे की अप्रतिबंधित? शस्त्र घेण्याची मुदत कधी संपते? एका वेळी आणि वर्षभरात किती काडतुसे घेता येतात? आणि परवाना कोणत्या क्षेत्रापुरता आहे, फक्त गोवा की संपूर्ण भारत? राष्ट्रीय शस्त्र परवाना नोंदणीतला विशिष्ट ओळख क्रमांक परवान्यावर छापलेला आहे ना, हेही पाहून घ्यावे. तो नसेल, तर विक्रेता व्यवहार पुढे नेऊ शकत नाही.

सावधान: फक्त 'रिव्हॉल्व्हर' लिहिलेल्या परवान्यावर पिस्तूल घेता येत नाही. "नंतर दुरुस्ती करून घेऊ" असे विक्रेता म्हणाला, तरी दुरुस्ती आधी करून घ्यावी आणि पैसे नंतर द्यावेत.

३. शस्त्रापूर्वी काडतूस निवडा

ज्या बोरची काडतुसे सहज मिळतात, त्याच बोरचे पिस्तूल घ्यावे. ९ मिमी, .३८ आणि .४५५ हे बोर सामान्य नागरिकाला प्रतिबंधित आहेत. .३० बोरची जुनी माउझर पिस्तुले अप्रतिबंधित असली आणि दिसायला देखणी असली, तरी त्यांची काडतुसे मिळवताना दमछाक होते. .२२ बोर नेमबाजीच्या सरावासाठी उत्तम आणि स्वस्त आहे, पण ते वेगळ्या कामाचे हत्यार आहे. सामान्य परवानाधारकाने बत्तीस (.३२) बोर घ्यावा, कारण त्याची काडतुसे पुण्याजवळच्या खडकी येथील दारूगोळा कारखान्यात बनतात आणि काडतुसाच्या बुडावर 'केएफ' ही अक्षरे असतात.

येथे एक घोळ हमखास होतो. पिस्तुलाचे बत्तीस आणि रिव्हॉल्व्हरचे बत्तीस ही दोन वेगळी काडतुसे आहेत. पिस्तुलाचे काडतूस साधारण २५ मिमी लांब असते, त्याची गोळी तांब्याच्या रंगाच्या आवरणात असते आणि बुडाची कड जेमतेम बाहेर आलेली असते. रिव्हॉल्व्हरचे काडतूस ३२ मिमीच्या आसपास लांब असते, गोळी बहुधा उघड्या शिशाची असते आणि बुडाची कड ठळक असते. ते पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये बसत नाही, आणि विकलेली काडतुसे दुकानदार सहसा परत घेत नाही. डबा दुकानातच उघडून एक काडतूस हातात घेऊन पाहावे.

पडताळणी: जवळच्या दोन विक्रेत्यांना विचारावे की बत्तीस पिस्तुलाची काडतुसे आज शिल्लक आहेत का आणि पुढची खेप कधी येईल. दोघांकडेही नसतील, तर शस्त्राची घाई करू नये.

४. खऱ्या खर्चाचा हिशेब मांडा

२२ सप्टेंबर २०२५ पासून पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला आहे. म्हणजे मूळ किंमत ८०,००० रुपये असेल, तर ३२,००० रुपये कर धरून १,१२,००० रुपये होतात. जुन्या यादीतला भाव डोक्यात ठेवून निघालेल्या ग्राहकाचा हिशेब इथेच कोलमडतो. दर सांगताना विक्रेता करासह सांगतो आहे की कराविना, हे स्पष्ट विचारावे आणि लिहून घ्यावे.

या रकमेत आणखी चार खर्च धरावेत: दुसरे मॅगझिन, सरावाची निदान पन्नास काडतुसे, भिंतीला किंवा जमिनीला पक्की बसवलेली लोखंडी तिजोरी, आणि साफसफाईचे साहित्य. हे चार खर्च झेपत नसतील, तर शस्त्राचा खर्चही झेपत नाही असे समजावे. वीस हजार वाचवण्यासाठी एकाच मॅगझिनचे पिस्तूल घेणाऱ्याला ते मॅगझिन वाकल्यावर सगळेच शस्त्र कपाटात ठेवून द्यावे लागते.

५. नवे, जुने की घरातले?

सर्वांत कमी खर्चाचे पिस्तूल पुष्कळदा घरातच असते. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, किंवा तो ७० वर्षांचा झाल्यावर अथवा त्याने शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर, पात्र वारसाच्या नावे परवाना मागता येतो. वडील किंवा काका यांच्याकडे चांगल्या स्थितीतले पिस्तूल असेल, तर आधी तोच मार्ग तपासावा. मात्र वारसाच्या नावे परवाना होईपर्यंत शस्त्राला हात लावू नये. परवानाधारक वारल्यावर ते शस्त्र घरात तसेच ठेवणेही बेकायदेशीर असते. ते ताबडतोब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी.

नवे घ्यायचे असेल, तर सरकारी कारखान्याचे पिस्तूल हा माझ्या मते मध्यमवर्गीय ग्राहकासाठी सर्वांत सरळ मार्ग आहे. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारे 'अशनी' हे त्यातले परिचित नाव. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या आहेत. शस्त्रे कानपूरच्या 'ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया'कडे, तर दारूगोळा पुण्याच्या 'म्युनिशन्स इंडिया'कडे गेला. जुन्या नावाने माहिती शोधणाऱ्याला जुने दर आणि जुने फॉर्म सापडतात, म्हणून चौकशी नव्या नावानेच करावी. सरकारी पिस्तुलाची घडण विलायती पिस्तुलाइतकी मऊ नसते, ट्रिगर जडही लागू शकतो, पण त्याचे सुटे भाग, मॅगझिन आणि दुरुस्ती देशातच मिळते. स्वस्त आणि चांगले यांचा मेळ बसतो तो इथे.

जुन्या विलायती पिस्तुलांचे भाव काही लाखांत जातात, कारण सामान्य माणसाला परदेशातून शस्त्र आणण्याची वाट १९८० च्या दशकातच जवळजवळ बंद झाली आणि बाजारात फिरतात ती तीच जुनी शस्त्रे. त्या भावात दुर्मिळतेची किंमत मोठी असते, कामाची थोडी. संग्रहाची हौस नसेल, तर तिकडे वळू नये.

सावधान: खासगी परवानाधारकाकडून थेट घेत असाल, तर विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवल्यानंतर किमान ४५ दिवस जावे लागतात. अधिनियमाच्या कलम ५ मध्येच हे सांगितले आहे. ओळखीतला व्यवहार म्हणून शस्त्र आधी ताब्यात घेणे हा गुन्हा ठरतो, आणि विनापरवाना शस्त्र बाळगल्यास दोन ते पाच वर्षांची कैद होऊ शकते.

६. हातात घेऊन तपासणी

या टप्प्याला किमान अर्धा तास द्यावा आणि दुकानदाराने घाई केली तरी तो कमी करू नये. सोबत पांढरा कागद, छोटी विजेरी, रुमाल आणि शक्य असल्यास सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल वापरण्याचा अनुभव असलेली व्यक्ती न्यावी.

पहिली कृती शस्त्र रिकामे करण्याची. नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरबाहेर. आधी मॅगझिन काढावे आणि मगच स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) पूर्ण मागे ओढून चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतुसाची जागा) डोळ्यांनी पाहावे, शिवाय करंगळीच्या टोकाने चाचपावे. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढले, तर स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधले वरचे काडतूस चेंबरमध्ये जाते. पिस्तूल रिकामे दिसते आणि भरलेले असते. घरात होणाऱ्या अपघातांचे हे फार जुने कारण आहे, म्हणून दुकानदाराने "रिकामे आहे" असे सांगितले तरी शस्त्र हाती घेणाऱ्या प्रत्येकाने स्वतः तपासावे.

नंतर क्रमांक. फ्रेमवरचा (खालच्या सांगाड्यावरचा) क्रमांक कागदाशी अंकागणिक जुळवावा. स्लाइड आणि नळी यांवर क्रमांक असतील, तर तेही पाहावेत. क्रमांकाभोवतीचा धातू बाकीच्या भागापेक्षा खोलगट, चकचकीत किंवा घासलेला वाटला, तर व्यवहार तिथेच थांबवावा. अशा शस्त्राच्या बाबतीत भावाची चर्चाच करू नये.

नळीची तपासणी सर्वांत महत्त्वाची, आणि तीच सर्वांत जास्त टाळली जाते. डिचोलीच्या माझ्या आतेभावाने परराज्यातल्या एका दुकानातून जुने पिस्तूल आणले. बाहेरून ते नव्यासारखे निळसर-काळे चमकत होते. बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) बसून आम्ही स्लाइड काढली, नळीच्या मागच्या तोंडापाशी पांढरा कागद धरला आणि पुढून पाहिले. आतले आटे (नळीतल्या पिळाच्या खाचा) सुरुवातीला स्वच्छ दिसत होते, पण मध्यावर एक काळपट कडे उमटले होते, अंगठीएवढे. नळीत अडकलेल्या गोळीमागे दुसरी गोळी झाडली गेली की नळी आतून फुगते आणि असे कडे दिसते. बाहेरून बोट फिरवले तर किंचित उंचवटाही लागला. नळी बदलावी लागली, आणि शस्त्राच्या निम्म्या किमतीएवढा खर्च वर आला. तो कागद दुकानातच धरला असता, तर एवढा भुर्दंड बसला नसता.

बाहेरचा मुलामा नवा असेल आणि अक्षरांच्या कडा बोथट झालेल्या असतील, तर गंजाचे खड्डे घासून त्यावर रंग चढवला आहे असे समजावे. मुठीच्या पट्ट्या काढू दिल्या, तर त्यांच्याखाली पाहावे. घाम आणि खारी हवा तिथेच साचते.

आता यंत्रणा. रिकामे मॅगझिन लावूनच या चाचण्या कराव्यात, कारण काही पिस्तुलांचा ट्रिगर मॅगझिनशिवाय चालत नाही. जुन्या रिकाम्या शस्त्राचा ट्रिगर ओढण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्यावी आणि डमी (दारू नसलेले) काडतूस वापरावे. सेफ्टी (गोळी सुटू न देणारी कळ) लावून ट्रिगर दाबल्यास घोडा (मागचा हॅमर) पडता कामा नये, आणि त्यानंतर सेफ्टी काढताना तो आपोआपही पडू नये. मग ट्रिगर दाबून धरलेल्या अवस्थेत स्लाइड मागे ओढून सोडावी. घोडा मागेच थांबला पाहिजे, आणि ट्रिगर हळू सोडताना बारीकशी 'टिक' बोटाला जाणवली पाहिजे. घोडा स्लाइडबरोबर पुढे आला, तर त्या पिस्तुलातून एका दाबात दोन गोळ्या सुटण्याचा धोका आहे. भाव कितीही उतरवला तरी ते घेऊ नये.

नळीचे तोंड वर करून स्लाइड थोडी मागे न्यावी आणि हळूच पुढे सोडावी. ती शेवटपर्यंत बसली नाही, तर रिकॉइल स्प्रिंग थकली आहे. बत्तीस बोरच्या बहुतेक पिस्तुलांत नळी स्थिर असते आणि स्फोटाचा मागचा झटका स्लाइडचे वजन आणि ही स्प्रिंगच पेलतात, त्यामुळे स्प्रिंग मुळात ताठ असते. साठीपुढच्या किंवा सांधेदुखी असलेल्या व्यक्तीने स्लाइड स्वतः दहा वेळा ओढून पाहावी. पाचव्या वेळी बोटे घसरू लागली, तर ते पिस्तूल कितीही चांगले असले तरी त्या हातांसाठी नाही. अशा व्यक्तीने परवान्यात रिव्हॉल्व्हर लिहून घ्यावे, यात कमीपणा काहीच नाही.

शेवटी मॅगझिन. वरच्या दोन ओठांच्या कडा सरळ आणि समान अंतरावर असाव्यात, तळाशी गंज नसावा, आणि दोन्ही मॅगझिने आळीपाळीने 'टच' आवाज करत बसावीत व बटण दाबताच मोकळी व्हावीत. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल अडकते, त्याचा दोष पुष्कळदा मॅगझिनमध्येच असतो.

पडताळणी: क्रमांक, नळी, सेफ्टी, ट्रिगरची चाचणी, दोन मॅगझिने. यांपैकी एकात जरी शंका राहिली, तरी आगाऊ रक्कम देऊ नये.

७. पैसे, पावती आणि घरचा प्रवास

पावतीवर शस्त्राचा प्रकार, बोर, बनावट, क्रमांक, परवाना क्रमांक, मॅगझिनची संख्या आणि कर स्वतंत्रपणे लिहून घ्यावा. रोखीत आणि पावतीविना व्यवहार करू नये. बेळगाव, कोल्हापूर किंवा पुण्याहून शस्त्र आणायचे असेल आणि परवाना फक्त गोव्यापुरता असेल, तर निघण्यापूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयातून लेखी परवानगी घ्यावी. चोर्ला घाट उतरून केरीच्या नाक्यावर गाडी अडवली गेली की तोंडी खुलासे उपयोगी पडत नाहीत. शस्त्र रिकामे, काडतुसे वेगळ्या डब्यात, मूळ परवाना आणि पावती सोबत, आणि परवानाधारक स्वतः गाडीत. ड्रायव्हर किंवा मुलगा यांच्या हाती एकटे शस्त्र पाठवू नये.

घरी आल्यावर परवान्यावर ठरलेल्या मुदतीत शस्त्र परवाना प्राधिकाऱ्यापुढे हजर करून क्रमांकाची नोंद करून घ्यावी. ती नोंद होईपर्यंत काम अपुरेच आहे.

८. पहिली पन्नास काडतुसे

नव्या पिस्तुलावरही पहिल्याच दिवशी विश्वास टाकू नये. ते उघडून कारखान्याचे घट्ट ग्रीस पुसावे, हलके तेल लावावे आणि मान्यताप्राप्त नेमबाजी केंद्रात प्रशिक्षकासमोर निदान पन्नास काडतुसे झाडावीत. शेतात, माळावर किंवा समुद्रकिनारी चाचणी करू नये. लग्नात किंवा सणात हवेत गोळी झाडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

मॅगझिन भरताना एक बारकावा सांभाळावा. बत्तीस पिस्तुलाच्या काडतुसाची बुडाची कड थोडी बाहेर आलेली असते. वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेमागे अडकली, तर ते पुढे सरकतच नाही, आणि ही अडचण स्लाइड ओढूनही सुटत नाही. प्रत्येक काडतूस पुढून मागे सरकवत बसवावे आणि वरच्याची कड खालच्याच्या पुढेच आहे ना, ते पाहावे. मग मॅगझिनची मागची बाजू तळहातावर हलकेच आपटावी.

पन्नासांत एक-दोनदा अडले, तर कोणत्या मॅगझिनमध्ये आणि कितव्या काडतुसाला, हे लिहून ठेवावे. एकाच मॅगझिनमध्ये अडत असेल, तर ते बदलावे. दोन्हींत अडत असेल, तर शस्त्र विक्रेत्याकडे परत न्यावे. स्वतः कानस लावून दुरुस्ती करू नये.

९. पावसाळा आणि निवडणूक

गोव्याच्या हवेत पिस्तूल पावसाळ्याच्या चार महिन्यांत खराब होते. चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवलेले शस्त्र सर्वांत लवकर गंजते, कारण चामडे ओल धरून ठेवते. कव्हर बाहेर जाताना वापरावे. तिजोरीत शस्त्र तेलाच्या पातळ थरासह सुती कापडात ठेवावे आणि बाजूला सिलिका जेलची पुडी असावी. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी पुसून नवे तेल द्यावे. काडतुसांना मात्र तेल लावू नये, कारण ते आत झिरपून दारू निकामी करू शकते. ती वेगळ्या कुलपाखाली ठेवावीत.

निवडणुकीच्या आचारसंहितेच्या काळात शस्त्रे जमा करण्याचा आदेश निघतो. धोका खरा असेल, तर सवलतीसाठी छाननी समितीकडे लेखी अर्ज करता येतो, पण तो आदेश निघताच करावा. जमा करण्याआधी शस्त्र साफ करून नेहमीपेक्षा थोडे जास्त तेल लावावे, कारण ते काही आठवडे पोलीस ठाण्याच्या खोलीत पडून राहते. पावतीवर शस्त्राचा क्रमांक, मॅगझिनची आणि काडतुसांची संख्या लिहून घ्यावी, आणि परत घेताना सही करण्यापूर्वी तिथेच, ठाण्याच्या टेबलासमोर, मॅगझिन काढून, स्लाइड ओढून, चेंबर तपासून क्रमांक जुळवून घ्यावा.